अंद्रियाला ऐकू आलेली हाक

गोदावरीच्या उजव्या तीरावर बेलखडक नावाचे लहानसे गाव आहे. तिकडची माणसे नदीला गंगाच म्हणतात. गावाच्या कडेला, उसाची शेते सुरू होतात तिथे, काळ्या दगडाचे एक जुने चर्च उभे आहे आणि चर्चच्या पाठीमागे दोन खोल्यांचे कौलारू घर. या घरात शांतवनबाबा राहत असत. कथा काही फार जुनी नाही. घरोघर मोबाईल आले होते. पिकाला पाणी देणारा माणूससुद्धा बांधावर बसून त्यात मान घालून असायचा. आणि तरी रोज सकाळी बाबांच्या ओट्यावर चार माणसे येऊन बसतच.

बाबा पूर्वी शाळामास्तर होते. ख्रिस्ती मंडळी त्यांना बाबा म्हणत, गावातले इतर लोक महाराज म्हणत, आणि ते दोन्ही हाकांना सारखीच ओ देत. त्यांची एक रीत होती. कुणी आपले गाऱ्हाणे घेऊन आले की ते हातातले काम खाली ठेवीत. जेवत असले तर घास परत ताटात ठेवीत. मग त्या माणसाकडे तोंड करून बसत आणि तो थांबेपर्यंत ऐकत. ऐकताना त्यांची नजर दाराकडे जात नसे की घड्याळाकडे जात नसे. कित्येक जण म्हणत, बाबांनी ऐकून घेतले तेव्हाच निम्मे दुखणे उतरले!

त्यानंतर बाबा प्रार्थना करीत. कुणाचा ताप उतरे, कुणाची रुसून गेलेली सून परत येई, कुणाची अडलेली म्हैस सुटे. माणसे आनंदाने सांगायला येत. बाबा प्रत्येकाला एकच सांगत, "घरी जा, देवबापाचे आभार मान. आणि गावभर सांगत फिरू नको."

एकदा कुणीतरी विचारले, "बाबा, चांगली गोष्ट लपवायची कशाला?"

बाबा म्हणाले, "प्रभूनेसुद्धा बऱ्या केलेल्या माणसांना हेच बजावलं होतं. गाजावाजा झाला की लोक देवाला सोडतात आणि मला धरून बसतात. मग माझंही डोकं फिरायचं. मी माणूसच आहे."

अशा या बाबांच्या पायाशी अंद्रिया पाटोळे नावाचा एक साधा माणूस असे. तरुणपणी तो दगडाच्या खाणीत कामाला होता. एका दुपारी सुरुंग वेळेआधी उडाला. अंद्रिया वाचला, पण त्याचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून त्याच्यासाठी जग मुके झाले. कोंबडा मान ताणून चोच उघडायचा आणि आवाज नाही. पावसात पत्रे थरथरायचे आणि आवाज नाही. त्याची बायको मंजुळा चुलीपाशी बसून गुणगुणायची, हे त्याला तिच्या गळ्याकडे पाहून कळायचे.

सुरुवातीला तो फार कडवट झाला होता. एके दिवशी बाबांसमोर बसून, बहिरी माणसे बोलतात तसा मोठ्याने, तो म्हणाला, "बाबा, मला देवाचं वचनही ऐकू येत नाही. मी चर्चला येऊन करू काय?"

बाबांनी त्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला, "कान गेले. लक्ष कुठं गेलंय? ते आण."

तेव्हापासून अंद्रिया दर रविवारी पहिल्या बाकावर बसून बाबांच्या ओठांकडे पाहत असे. निम्मे कळे, निम्मे निसटे. उपासनेनंतर तो रांजणातले पाणी सर्वांना देई. पाणी देताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट पाहण्याची त्याला सवय लागली. कोण रडून आले आहे, कोण घरी भांडून आले आहे, हे त्याला न सांगता कळू लागले. अशा माणसाच्या खांद्यावर तो नुसता हात ठेवी. हळूहळू त्याच्या मनातला कडवटपणा ओसरला, आणि आपण सुखी आहोत हे एके दिवशी त्याच्या लक्षात आले.

आता याच गावचा आशीर्वाद शिरसाट. त्याला आवाज मिळाला होता आईकडून. सारजाबाई तरुण असताना भजनात पहिला सूर तीच लावायची. आशीर्वाद शहरात गेला, भक्तिगीते गाऊ लागला, प्रवचने करू लागला, आणि मोबाईलवर त्याचे नाव झाले. 'ब्रदर आशीष' म्हटले की लाखो माणसे ऐकणारी. गळा खरोखरच गोड होता, त्याबद्दल वाद नाही. पण गाताना त्याची नजर आता वर जात नसे. ती कॅमेऱ्यावर असे. म्हातारी आई गावातल्या घरात एकटी राहत होती. तिला दिसायचेही कमी झाले होते. मुलाचे गाणे ऐकायचे असले की ती शेजारणीला मोबाईल लावायला सांगायची.

एका रविवारी आशीर्वाद आपली माणसे घेऊन गाडीतून गावात उतरला. उपासना आटोपली होती. बाबा कडुलिंबाखाली बसले होते.

"सलाम बाबा," आशीर्वाद म्हणाला. "यंदा आपल्या माळावर स्तुती-महोत्सव घेतोय. मोठे पडदे, क्रेनवरचा कॅमेरा, सगळं थेट दिसणार. देशोदेशीची माणसं बघतील. तुम्ही फक्त शेवटी मंचावर यायचं आणि दोन-चार आजाऱ्यांवर हात ठेवायचा."

बाबा हसले. म्हणाले, "तुझं गाणं गोड आहे, लेकरा. तू गा. मी घरी बसून तुझ्यासाठी प्रार्थना करीन."

"घरी बसून केलेली प्रार्थना बघणार कोण, बाबा?"

"ज्यानं बघायची तो बघतो."

एवढ्या लोकांसमोर नकार मिळाला, तो आशीर्वादला झोंबला. तेवढ्यात अंद्रिया पाण्याचा तांब्या घेऊन तिथे आला. आशीर्वादने त्याच्यावरच राग काढला.

"हाच ना तो? बहिरा असून पहिल्या बाकावर बसतो? बाबा, तुमच्या प्रार्थनेत एवढं बळ आहे, तर आधी याचे कान उघडायचे होते!"

त्याच्याबरोबरची पोरे हसली. आशीर्वादला हुरूप आला. त्याने मोबाईल अंद्रियासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने माइक त्याच्या तोंडाशी नेला. "बोला अंद्रियादादा! आज देव तुम्हाला काय म्हणाला?"

तो भरभर बोलला, त्यामुळे अंद्रियाला ओठ वाचता आले नाहीत. माणूस उन्हातून आला आहे, पाण्याचे विचारत असेल, असे त्याला वाटले. त्याने तांब्या पुढे केला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "गार आहे! रांजणातलं आहे!"

सगळे खो खो हसले. अंद्रियाही त्यांच्यासोबत हसला, कारण सगळे हसत होते.

बाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आशीर्वाद, ते पुसून टाक."

"अहो बाबा, लोक प्रेमानंच बघतील!" असे म्हणून तो गाडीत बसला.

आठवडाभरात मोबाईलवरचे ते चित्रण सगळीकडे पोहोचले. कुणीतरी त्या शब्दांना ढोलकीचा ठेका जोडला. बाजाराच्या गावी अनोळखी पोरे अंद्रियाला पाहून बोट दाखवू लागली. कुणी त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढी, कुणी तांब्या पुढे केल्यासारखा हात करी. अंद्रियाला काहीच उमगेना. शेवटी मंजुळेने शेजारच्या पोरीच्या मोबाईलवर ते पाहिले आणि घरी येऊन पदर डोळ्यांना लावून नवऱ्याला खुणांनी सगळे समजावले. देवाविषयी विचारले होते आणि आपण रांजणाविषयी बोललो, हे कळल्यावर अंद्रिया भिंतीकडे तोंड करून निजला. त्या रविवारी तो चर्चला गेला नाही. पुढच्याही रविवारी गेला नाही.

मग बाबा स्वतः त्याच्या घरी आले. मंजुळेने गोणपाट अंथरले. बाबा अंद्रियासमोर बसले आणि त्याची मान वर होईपर्यंत थांबले.

"किती माणसांनी बघितलं म्हणतात?" बाबांनी सावकाश विचारले.

"लाखांनी, बाबा."

"त्यातल्या किती जणांना तुझं नाव ठाऊक आहे?"

अंद्रियाने नकारार्थी मान हलवली.

"मग त्यांनी तुला पाहिलेलं नाही. करमणूक पाहिली आणि पुढं गेले. देवबाप तुला नावानं ओळखतो. मंजुळेलाही ओळखतो. त्याला तू हसण्यासारखा दिसत नाहीस."

अंद्रियाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते पुसून तो म्हणाला, "बाबा, मी कधीच मागितलं नाही. आता मागू का? कान?"

"माग की. बापाजवळ मागायला लाजायचं कशाला?"

तिघांनी चुलीपाशी गुडघे टेकले. बाबांनी अंद्रियाच्या दोन्ही कानांवर तळवे ठेवले आणि प्रार्थना केली. अंद्रियाने डोळे उघडले. चुलीतले लाकूड फुटून ठिणगी उडाली. आवाज आला नाही.

"नाही आलं, बाबा," तो म्हणाला.

बाबांच्या चेहऱ्यावर निराशेची रेघही नव्हती. ते म्हणाले, "आपलं मागून झालं. केव्हा द्यायचं, कसं द्यायचं, ते त्याच्याकडे. तू रविवारी ये. तुझी जागा रिकामी बरी दिसत नाही."

आणि खरोखर अंद्रिया गेला! कान होते तसेच होते, पण मागून मोकळे झाल्यामुळे त्याचे मन हलके झाले होते.

महोत्सवाचा दिवस उजाडला. माळावर भला मोठा मंच उभा राहिला. दोन्ही बाजूंना भिंतीएवढे आवाजाचे डबे आणि मागे पडदा. सामानाचे ट्रक मागे घेताना माळाच्या पलीकडच्या जुन्या विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळला, पण घाईत तिकडे कुणी लक्ष दिले नाही. दुपार कलताच गाड्या भरभरून माणसे आली. बाबांनी अंद्रियाला माळाच्या कडेला पाण्याचे रांजण मांडायला सांगितले होते. तो आणि मंजुळा येईल त्याला पाणी देत होते. पोरांनी त्याला ओळखले.

"दादा, गार आहे का?" एकाने तोंड वेडावून विचारले.

एवढे मात्र अंद्रियाला ओठांवरून नेमके कळले. तो हसून म्हणाला, "गार आहे. घे, पी." पोरगा ओशाळला आणि मुकाट्याने पाणी प्यायला.

मंचावर आशीर्वादचे गाणे रंगात आले होते. अंद्रियाला ते पायाच्या तळव्यांतून कळत होते. जमीन धडधडत होती, छातीचा पिंजरा थरथरत होता. मग आईवरचे गाणे सुरू झाले. नवे लुगडे नेसवलेल्या सारजाबाईला दोघांनी धरून मंचावर आणले. आशीर्वादने तिच्या पायांवर डोके ठेवले. भल्या मोठ्या पडद्यावर म्हातारीचा चेहरा दिसला. माणसे डोळे पुसू लागली. अंद्रिया मात्र तिच्या ओठांकडे पाहत होता. म्हातारी म्हणत होती, "बाळा, पाणी."

मुलगा तोवर कॅमेऱ्याकडे वळला होता. म्हातारीला मंचामागे नेऊन खुर्चीत बसवण्यात आले. अंद्रिया पेला भरून तिकडे निघाला, पण गळ्यात बिल्ले अडकवलेल्या माणसांनी त्याला मागे पिटाळले. त्याने पेल्याकडे आणि मंचामागे बोट दाखवले. त्यांनी दांडके दाखवले. तो परत आला.

पुढे काय घडले ते असे. खुर्चीतली सारजाबाई वाट पाहून कंटाळली. आपल्या घराची पायवाट आपल्याला पाठ आहे या भरवशावर ती एकटीच उठली आणि निघाली. पायवाट विहिरीच्या काठावरून जात होती. कठडा चाचपायला तिने हात पुढे केला. जिथे कठडा असायला हवा होता तिथे काहीच नव्हते.

सूर्य उसाच्या मागे टेकला होता. अंद्रिया रांजणात पेला बुडवत होता, आणि एकाएकी त्याचा हात थांबला. त्याला वाटले, डोक्यात काहीतरी हलले. मग ते पुन्हा आले. बारीक, चिरका, लांबून येणारा आवाज. आवाज! तो कसा असतो हेच अंद्रिया विसरला होता. त्याने कानाजवळ टाळी वाजवली. ऐकू आली नाही. मंचावरच्या ढोलाकडे पाहिले, वादक जीव खाऊन बडवत होता, त्याचा ठोकाही ऐकू येत नव्हता. साऱ्या माळावर एवढा गोंगाट, आणि या माणसाच्या कानात फक्त एक आवाज येत होता.

"आशू! आशू रे!"

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. कान शाबूत होते तेव्हा दर रविवारी भजनाचा पहिला सूर याच आवाजाने लावला होता.

अंद्रियाने शेजारच्या माणसाचा दंड धरला. "सारजाबाई हाक मारतेय! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

त्या माणसाने त्याच्याकडे पाहिले आणि तो पोट धरून हसला. "बहिऱ्याला हाक ऐकू आली!"

दुसऱ्याला सांगितले, तोही हसला. मग अंद्रिया गर्दीतून वाट काढत थेट मंचापाशी गेला आणि हात उंचावून ओरडला, "आशीर्वाद! तुझी आई हाक मारतेय! संकटात आहे ती!"

आशीर्वादने खाली वाकून पाहिले. कॅमेरा त्याच्यावरच होता. क्षणभर तो गांगरला. मग त्याला वाटले, हे आयतेच चालून आले आहे. माइकवर तो म्हणाला, "पाहा मंडळी, आमचे रांजणवाले दादा! यांनाही ऐकू यायला लागलं!"

हजारो माणसांनी टाळ्या वाजवल्या. "हालेलुया!" असा एकच गजर झाला. खरे आश्चर्य समोर उभे होते, साऱ्यांचे डोळे त्याच्यावर होते, आणि एकालाही ते दिसले नाही!

अंद्रियाने त्या टाळ्या पाहिल्या. त्याला कळून चुकले, इथून कुणी येणार नाही. तो वळला आणि हाकेच्या दिशेने धावत सुटला. मंजुळेने त्याला पळताना पाहिले. काय झाले ते तिला कळले नाही, पण नवरा असा कधी पळत नाही हे तिला ठाऊक होते. तीही पळाली, बाबांच्या घराकडे.

विहिरीत अंधारून आले होते. सारजाबाई गळ्याइतक्या पाण्यात, भिंतीतून उगवलेल्या उंबराच्या मुळीला धरून लोंबकळत होती. अंद्रिया आतल्या दगडी पायऱ्यांवरून उतरला. खालच्या पायऱ्या निखळल्या होत्या, तिथून त्याने पाण्यात उडी घेतली. त्याने म्हातारीला खांद्यावर घेतले आणि पाठ भिंतीला टेकवून उभा राहिला. पायाखाली गाळ होता. हळूहळू पाय रुतत होते आणि पाणी त्याच्या छातीवर चढत होते. म्हातारी थंडीने कुडकुडत त्याच्या कानाशी काहीबाही पुटपुटत होती.

"कुणी आहे का!" अंद्रिया ओरडला. पुन्हा ओरडला. आपला आवाज वर पोहोचतो की नाही हेही त्याला कळायला मार्ग नव्हता, पण भिंत पाठीला धडधडत होती. वरचे गाणे थांबलेले नाही, हे त्यावरून समजत होते. पाणी त्याच्या हनुवटीला लागले.

"प्रभू येशू," तो म्हणाला, "तू मला ऐकवलंस. आता मला कुणाला तरी ऐकव."

त्याच सुमारास मंजुळा बाबांच्या दारात पोहोचली होती. बाबा प्रार्थनेतून उठून, वहाणा घालून उंबऱ्यावर उभेच होते. तिने तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "चल, पोरी." ते भरभर चालत माळावर आले. ज्या मंचावर यायला त्यांनी नकार दिला होता, त्याच्या पायऱ्या चढून ते वर गेले. गर्दीत आनंदाची लाट उसळली. महाराज आले! आता चमत्कार करणार! सगळे कॅमेरे त्यांच्याकडे वळले, हजारो मोबाईल उंचावले.

बाबांनी कुणाकडेच पाहिले नाही. ते आशीर्वादजवळ गेले आणि माइक धरलेला त्याचा हात त्यांनी हळूच खाली केला.

"लेकरा, जरा थांब," ते म्हणाले. "तुझ्यासाठी निरोप आहे."

आणि काय आश्चर्य! ते भिंतीएवढे डबे एकाच वेळी बंद पडले. दिवे जळत होते, वीज होती, पडदा चालू होता. आवाजाची यंत्रे सांभाळणारा माणूस पुढे शपथेवर सांगायचा की त्याने कशालाही हात लावला नव्हता. माळभर अशी शांतता पसरली की उसाच्या पानांची सळसळ ऐकू आली. आणि त्या शांततेत विहिरीच्या दिशेकडून, जाड, घोगरा, बहिऱ्या माणसाचा आवाज आला.

"सारजाबाई पडलीय! दोर आणा!"

आशीर्वादच्या हातातला माइक गळून पडला. तो मंचावरून उडी टाकून धावला, आणि त्याच्यामागे सारा माळ धावला.

विहिरीतल्या अंद्रियाला एवढेच कळले की पाठीशी धडधडणारी भिंत एकाएकी शांत झाली. मग वरच्या प्रकाशात डोकी दिसू लागली. सगळ्यांची तोंडे हलत होती आणि कुणाचाच आवाज त्याला येत नव्हता. तेवढ्यात एक बाई काठावर पोटावर पालथी झाली आणि आत वाकून ओरडली.

"अहो! धरून ठेवा! बाज आणतायत! मी आहे इथं!"

अंद्रियाने ऐकले. शब्द न् शब्द ऐकला. मंजुळेचा आवाज! इतक्या वर्षांत थोडा जाडावला होता, पण शेवटचे अक्षर लांबवायची तिची खोड तशीच होती. त्या गार पाण्यात अंद्रियाला हसू आले. "धरलंय गं!" तो म्हणाला.

चारी पायांना दोर बांधून बाज खाली सोडली गेली. अंद्रियाने म्हातारीला तिच्यावर निजवले. ती वर गेली. मग दोर पुन्हा खाली आला आणि लोकांनी त्याला गाळातून ओढून काढले. काठावर पाय टेकले तेव्हा मंजुळा त्याला धरून रडत काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. कान पूर्वीसारखेच मिटले होते.

बाबांनी त्याच्या अंगावर आपली घोंगडी टाकली आणि समोर येऊन विचारले, "गेलं का परत?"

"गेलं, बाबा."

"वाईट वाटतंय?"

अंद्रियाने मंजुळेकडे पाहिले. "नाही हो. जिचा आवाज ऐकायचा राहिला होता, तिचा ऐकला."

महोत्सव तिथेच संपला. सारजाबाईचा पाय मुरगळला होता आणि अंग खरचटले होते, बाकी देवदयेने ती सुखरूप होती. आशीर्वाद तिच्या उशाशी बसून राहिला. मोबाईल वाजत होता, तो उचलत नव्हता.

सकाळी अंद्रियाच्या दारात माणसांची रीघ लागली. कुणी त्याच्या कानांना हात लावून तो कपाळाला लावी, कुणी आजारी पोर पुढे करी. आशीर्वादच्या माणसांनी कॅमेरे उभे केले होते. त्यांचा म्होरक्या बाबांना म्हणाला, "महाराज, सगळं टिपलं गेलंय. हा मंचाखाली ओरडतोय, तुम्ही येताय, आवाज बंद होतोय. जगभर जाईल! फक्त या दादांनी दोन वाक्यं बोलावीत." अंद्रिया बिचारा भांबावून बाबांच्या मागे उभा राहिला.

बाबा म्हणाले, "त्याला विचारू नका. ज्याच्या आईची गोष्ट आहे त्याला विचारा."

आशीर्वाद गल्लीतून पायी येत होता. अंगावर कालचेच चुरगळलेले कपडे होते. गर्दीने वाट दिली. तो आपल्या माणसाला म्हणाला, "काल टिपलेलं पुसून टाक. रांजणाचंही काढ. ते मी आधीच काढायला हवं होतं."

"ब्रदर, असं पुन्हा कधी मिळायचं नाही!"

"म्हणूनच," आशीर्वाद म्हणाला.

मग तो अंद्रियासमोर उकिडवा बसला. आपला चेहरा उजेडात येईल असा तो सरकला आणि एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवून म्हणाला, "दादा, माझं चुकलं. तुम्ही आलात, सांगितलंत, आणि मी लोकांना हसवलं. मला माफ करा."

अंद्रियाला सगळे कळले. त्याने आशीर्वादच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं माणसाकडून," तो म्हणाला. "आई कशी आहे?"

"बरी आहे. दादा, एक विचारू? विहिरीत ती तुमच्या कानाशी काहीतरी बोलत होती म्हणते, पण काय ते मला सांगत नाही. नुसती हसते. तेवढं तुम्हीच ऐकलंय. काय म्हणत होती?"

अंद्रियाने आठवले. त्याला आठवायला वेळ लागला नाही. आयुष्यात पुन्हा ऐकू आलेले बोलणे मोजकेच तर होते.

"सारखं एकच विचारत होती," तो म्हणाला. "आशू दुपारपासून गातोय, काही खाल्लं का त्यानं?"

आशीर्वाद पुढे वाकला आणि त्याने अंद्रियाच्या भेगाळलेल्या पायांवर डोके ठेवले. मग तसाच गुडघ्यांवर सरकत बाबांच्या पायांशी गेला आणि तिथेही डोके टेकून हुंदके देऊ लागला. दारात एवढी माणसे उभी होती, प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. एकानेही तो वर उचलला नाही.

बाबांनी वाकून त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"ऊठ, लेकरा," ते म्हणाले. "घरी जा. आई जेवायची थांबली असेल."